टेंडन दुखावलेली घोडी तुळशीच्या लग्नानंतर वरातीला नेता येईल का?

कोलशेतहून एका घोडीमालकाने विचारलं आहे. नऊ वर्षांची मारवाडी घोडी, वजन अंदाजे ४०० किलो, वरातीला आणि संध्याकाळच्या रपेटीला चालते. जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊरचा उतार उतरताना ओल्या डांबरावर तिचा पुढचा डावा पाय घसरला. सोनोग्राफीत नळीमागच्या (गुडघ्याखालच्या हाडामागच्या) टेंडनच्या मधोमध काळा ठिपका, म्हणजे तंतू फाटल्याची खूण, दिसला आणि डॉक्टरांनी तीन महिने तबेल्यात बंद ठेवायला सांगितलं. आज बारावा दिवस आहे. घोडी दाराला लाथा घालते, मोतद्दाराच्या (तिची देखभाल करणाऱ्याच्या) अंगावर धावते, वैरण पायाखाली तुडवते. मोतद्दार म्हणतो, डाग देऊन टाकू, महिन्यात उभी राहील. खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील, तोपर्यंत घोडी तयार होईल का?

नाही होणार. तुमच्या घरचं वर्षाचं गणित त्या दोन-तीन महिन्यांवर बसलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. पशुवैद्य म्हणून २६ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत घोडेच बघते आहे, त्यात वरातीच्या घोड्या कमी नाहीत. म्हणूनच जूनमध्ये स्पष्ट सांगते आहे. घेतलेल्या सुपाऱ्या दुसऱ्या कुणाकडे वळवायला, एखादी घोडी भाड्याने बघायला अजून वेळ आहे. नोव्हेंबरमध्ये हेच कळलं तर घोडीही जाईल आणि शब्दही.

टेंडन म्हणजे बारीक तंतूंचा पिळलेला दोर. घोडीचं पाऊल जमिनीवर टेकलं की हा दोर ताणतो आणि सुटतो, त्यातच तिच्या चालीचा डौल आहे. तो मधे फाटला की शरीर त्या जागी आधी घाईघाईने कच्चा माल भरतं. हे तंतू वाटेल तसे आडवेतिडवे पडलेले असतात आणि मूळ तंतूंपेक्षा कमजोर असतात. पुढे कित्येक महिने ते हळूहळू बदलत जातात, ताणाच्या दिशेने सरळ होतात. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान अशी एक वेळ येते की बाहेरून सगळं ठीक दिसतं. सूज उतरलेली, पाय थंड, चालीत लंगड नाही. आतला दोर मात्र तेव्हा अर्धाकच्चाच असतो. पुन्हा फाटतो तो बहुतेक वेळा याच काळात, किंवा याच काळातल्या घाईमुळे पुढे.

बेलापूरजवळच्या एका तबेल्यात १५ वर्षांपूर्वी माझ्याच हातून ही चूक झाली. पांढरा घोडा होता, अगदी असाच पाय. आठव्या आठवड्यात तो इतका छान चालत होता की मालकाने विचारलं, दहा मिनिटं लहान वाड्यात मोकळा सोडू का? मी हो म्हटलं. दोर काढताच त्याने मान खाली घातली, दोनदा उसळी घेतली आणि चौखूर एक चक्कर मारली. सगळं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल. तिसऱ्या दिवशी स्कॅनमध्ये काळा भाग पहिल्यापेक्षा मोठा होता. तो घोडा पुन्हा कधी सवारीखाली आला नाही. तेव्हापासून टेंडनचा घोडा मोकळा सोडायचा निर्णय मी पायाला हात लावून घेत नाही, स्कॅन बघून घेते.

डाग देण्याबद्दल एकदाच सांगते. तापलेली सळई असो नाहीतर बिब्बा, भाजते ती कातडी. आतल्या टेंडनला त्याने काही मिळत नाही. पाय सुजतो, दुखतो, म्हणून घोडी महिनाभर मुकाट उभी राहते आणि त्या सक्तीच्या आरामाचं श्रेय डागाला जातं. तुमच्या मोतद्दाराने चार घोडे असे बरे झालेले पाहिले असतील. पाहिलेलं खरं आहे, कारण चुकीचं आहे. त्यांना हे नीट समजावून सांगा, कारण पुढचे तीन महिने तुमच्यापेक्षा त्यांच्या हातावर अवलंबून आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोट. सगळ्यांचं लक्ष पट्टीवर असतं आणि ठाणावरची, म्हणजे तबेल्यात बांधून ठेवलेली, घोडी आजारी पडते ती बहुधा पोटाने. तिची चंदी (दाण्याचा खुराक) अजून चालू असेल तर आज संध्याकाळपासून बंद करा. काम नसताना भरडलेला हरभरा मिळत राहिला की ती ताकद दाराच्या लाथांतच बाहेर येणार. शिवाय भरपूर दाणा खाऊन उभ्या राहिलेल्या घोडीला एकदम चालवलं की कंबरेचे स्नायू लाकडासारखे आखडतात आणि लघवी कॉफीसारखी काळपट होते. तसं दिसलं तर एक पाऊलही पुढे चालवू नका, डॉक्टरांना बोलवा.

दाण्याऐवजी तिला वैरण हवी, आणि ती जवळजवळ सतत. घोड्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, घोडी खात असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. संध्याकाळी सातला वैरण टाकली, नऊपर्यंत संपली, आणि पुढची सकाळी सहाला, असं आपल्याकडे बहुतेक तबेल्यांत चालतं. ते नऊ तास रिकामं जठर स्वतःलाच जाळतं. तुमच्या घोडीचा अर्धा संताप तिथला असू शकतो. ४०० किलोच्या घोडीला रोज साधारण ८ किलो वाळलेलं गवत लागतं. त्याचे पाच वाटे करा, शेवटचा रात्री साडेदहा-अकराला. बारीक भोकांच्या जाळीत भरून द्या, म्हणजे दोन तासांचं काम चार तास पुरतं आणि तुडवलंही जात नाही. जाळी इतकी वर बांधा की रिकामी होऊन लोंबली तरी पाय अडकणार नाही.

गवत कुठलं आहे तेही बघा. मुरबाड-शहापूरकडचं डोंगरी गवत पाऊस संपल्यावर कापतात. म्हणजे आज तुमच्याकडे आहे ते सात-आठ महिन्यांचं जुनं, आणि आता हवेत ओल. पेंढी उकला, मधल्या काड्यांना नाक लावा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ती पेंढी परत करा. बंद तबेल्यात बुरशीची धूळ थेट छातीत जाते आणि पायाबरोबर खोकलाही मागे लागतो. चांगल्या गवतावरही पाणी मारूनच द्या. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण पोट भरायला नको, त्याने आतडी तुंबतात. गाई-म्हशींच्या तबेल्यांतून स्वस्तात मिळणारं हत्तीगवत रोजचं करू नका. त्यातलं ऑक्झलेट घोड्याच्या अन्नातलं कॅल्शियम अडवून ठेवतं. गव्हाचा कोंडाही तसाच, त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. आजारी घोडीला बादलीभर कोंडा ही जुनी माया आहे, पण ती मुठीपुरतीच असू द्या. लसूणघास मिळत असेल तर दिवसाला किलोभर चालेल, त्यातल्या कॅल्शियमने जठराचं आम्लही थोडं शमतं.

पाणी मोजून ठेवा. नळाला तोंड लावून पिणारी घोडी किती प्यायली ते कुणालाच कळत नाही. दोन बादल्या ठेवा, सकाळ-संध्याकाळ कितीदा भरल्या ते लिहा. दिवसाला २० ते ४० लिटर ही साधारण मर्यादा. उभी घोडी कमी पिते, आतडी मंदावतात, लीद कोरडी पडते आणि एके रात्री पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातलं संकट पोटातच वाढतं. रोज ३०-४० ग्रॅम साधं मीठ गवताच्या पाण्यात मिसळा, तहान टिकते. आणि लीद मोजा. आठ ते बारा वेळा लीद, ओलसर गोळे, पडल्यावर फुटणारे, हे चांगलं. गोळे लहान, कडक, चिकट पापुद्रा धरलेले दिसले तर तो इशारा आहे. आठ-दहा तास लीदच नाही आणि घोडी मागे वळून पोटाकडे बघते आहे, तर सकाळची वाट बघू नका.

पोटानंतर दुसरा पाय. डावा दुखतो म्हणून भार उजव्यावर जातो, आणि खुराच्या आतलं नाजूक अस्तर सततच्या भाराने सुटू लागतं. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. अमेरिकेतला बार्बारो आठवत असेल. २००६ च्या मे महिन्यात केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. मोडलेला पाय जोडायला जगातले उत्तम सर्जन होते. पण लॅमिनायटिस आधी मागच्या डाव्या पायात आला, शेवटी पुढच्या दोन्ही पायांत, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला निरोप द्यावा लागला. तुमच्या घोडीची दुखापत त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, पण तपासायची सवय तीच हवी. रोज रात्री शेवटची वैरण टाकताना उजव्या पायाशी खाली बसा. खुराच्या वरचा मोठा सांधा आहे ना, त्याच्या मागच्या कडेला आत-बाहेर दोन बोटं हलकेच टेकवा. तिथे नाडी असते. चांगल्या पायाला ती इतकी मंद असते की शोधताना मिनिट जातं. ती एकदम ठणठण लागायला लागली, खूर गरम वाटला, घोडी भार आलटून-पालटून टाकू लागली, तर त्याच रात्री फोन करा. आजपासूनच शिका, म्हणजे मंद म्हणजे किती मंद ते बोटांना माहीत होईल.

खाली अंथरूण जाड हवं. घोडी आडवी पडली तर चारही पायांना विसावा मिळतो, आणि ओल्या फरशीवर ती पडत नाही. वखारीतला लाकडाचा भुसा चालतो, पण बारीक धुळीचा नको. ओला भाग दिवसातून दोनदा उचला. आपण खाली वाकल्यावर डोळे चुरचुरले तर तिच्या नाकाशी तोच अमोनिया आहे असं समजा. खुराच्या तळव्यातल्या त्रिकोणी गादीच्या कडा रोज कोरून कोरड्या करा. पावसाळ्यात तिथे काळा, कुजका वास येणारा चिकटा धरतो. आणि काम नाही म्हणून नालबंदाला सुट्टी देऊ नका. पाच-सहा आठवड्यांनी खूर कापलेच पाहिजेत. खुराचं पुढचं टोक लांबलं की पाऊल उचलताना मागच्या टेंडनवर जास्त ओढ पडते, म्हणजे नेमकं जे नको तेच.

पट्टीबद्दल तुम्ही लिहिलंय की मोतद्दार ‘घट्ट, एकदम पक्की’ बांधतात. तिथेच भीती आहे. पायाभोवती आधी कापसाचा जाड, सारखा थर, एकही वळी नाही. मग क्रेप पट्टी. ओढ द्यायची ती पुढून, नळीच्या हाडावर. मागे टेंडनवर पट्टी नुसती पसरायची, खेचायची नाही. प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर चढलेला, ताण शेवटपर्यंत एकसारखा, गाठ बाहेरच्या बाजूला. बांधून झाल्यावर वरच्या कडेतून एक बोट जरा जोर लावून आत गेलं पाहिजे. उजव्या पायालाही तशीच बांधा, तो दुप्पट भार वाहतो आहे. दिवसातून दोनदा सोडा. आपल्याकडच्या दमटपणात पट्टीखालची कातडी दोन दिवसांत भिजून सोलवटते, म्हणून सोडल्यावर अर्धा तास पंख्याखाली पाय सुकू द्या आणि मगच पुन्हा बांधा. खाली घसरून एका जागी गोळा झालेली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट, तिचा फास होतो.

तीन महिने बंद म्हणजे तीन महिने निश्चल नव्हे. त्या कच्च्या तंतूंना सरळ व्हायला थोडा, मोजका ताण लागतो. चालताना लंगड उरली नसेल आणि तुमच्या डॉक्टरांची संमती असेल तर पुढच्या आठवड्यापासून हाताने धरून चालवणं सुरू करता येईल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन मिनिटं वाढवा, म्हणजे ऑगस्टअखेर दिवसाला पाऊण तासापर्यंत पोहोचाल. घड्याळ लावून. ‘आज छान चालते आहे’ म्हणून वीस मिनिटं नाही. जागा सपाट आणि कडक हवी. वाळू किंवा चिखल मऊ वाटतो पण पाऊल रुतलं की टेंडन जास्त ताणतं. कोलशेत-ढोकाळीच्या आतल्या गल्ल्या पहाटे साडेपाचला रिकाम्या असतात. घोडबंदर रोडच्या जवळपासही नको, एका डंपरच्या हॉर्नने महिन्याची मेहनत जाईल. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी तबेल्याच्या बोळातच फेऱ्या मारा.

पहिल्या दिवशी ती उड्या मारणार हे धरून चाला. त्या आठवड्यासाठी डॉक्टरांकडून हलकं शांत करणारं औषध मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. नुसत्या मोरखीवर बाहेर काढू नका, लगाम घाला. हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट, दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. आधी अर्धा तास गवत खाऊ द्या, खरारा करा, मगच दार उघडा. चालून आल्यावर तासाभराने दोन्ही पायांना एकाच वेळी तळहात लावा. डावा उजव्यापेक्षा गरम लागला तर दुसऱ्या दिवशी मिनिटं मागच्या आठवड्याची.

तिच्या रागाचं काय, हे तुम्ही फार कळवळून विचारलं आहे. ती वाईट झालेली नाही. कळपातलं, दिवसभर चालत चरणारं जनावर आहे, ते बारा दिवस एका चौकोनात उभं आहे. शेजारच्या ठाणावर दुसरी घोडी असेल तर तिला हलवू नका आणि मधली फळी थोडी उघडी ठेवा. एकटीच असेल तर एक शेळी आणून बांधा. जुनी रीत आहे आणि ती खरंच लागू पडते. दिवसातून दोनदा पाऊण तास खरारा करा, मानेपासून कंबरेपर्यंत, हात दाबून. कान सैल पडले, खालचा ओठ लोंबला की तिथेच आणखी थोडा वेळ थांबा. दाराला गोणपाटाच्या दोन पदरी घड्या ठोका, म्हणजे लाथेने निदान खूर फुटणार नाही. लाथ मारल्यावर धावत जाऊन वैरण टाकू नका. ती लगेच शिकते. लाथा थांबलेल्या क्षणी टाका, तेही शिकते.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. उभ्या घोडीचे मागचे दोन्ही पाय सकाळी भरलेले दिसतात, थंड असतात आणि चालवल्यावर उतरतात. त्याची काळजी नको. पण सूज पोटाखालीही आली, अंगात ताप असेल, घोडी रोज झडत असेल तर सर्रा आठवा, हा रक्तातल्या परजीवीचा आजार. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमधून पसरतो आणि आपल्याकडे याच दिवसांत दिसतो. लोक त्याला ‘पायाचाच ताप’ समजून आठवडे घालवतात. रोज सकाळी थर्मामीटर लावा. ३७.५ ते ३८.५ अंश ठीक, त्यावर गेला तर रक्त तपासा. माश्यांसाठी धूर करण्यापेक्षा मोठा पंखा लावा, वायर तिच्या तोंडापासून लांब. धूर तिच्याच छातीत जातो.

वेदनाशामक औषध डॉक्टरांनी दिलं तेवढेच दिवस द्या. जास्त दिलं तर जठरात व्रण होतात, शिवाय दुखणं झाकलं जातं आणि ती पायावर नको तेवढा भार टाकते. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक तर आणूच नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून देशात बंदी आहे. ते औषध अंगात असलेली मेलेली जनावरं खाऊन आपली गिधाडं संपत आली. धनुर्वाताची लस कधी दिली होती तेवढं विचारून घ्या. खरचटल्याच्या जखमा आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि घोड्याला धनुर्वात फार सहज होतो.

पुढचा हिशेब असा धरा. ऑगस्टच्या शेवटी दुसरा स्कॅन. काळा भाग भरत आलेला दिसला तर सप्टेंबरपासून पाठीवर हलका माणूस घेऊन नुसती चाल, मग ऑक्टोबरच्या सुमारास सरळ रस्त्यावर दोन-तीन मिनिटं दुडकी, तीही हळूहळू वाढवत. तुळशीचं लग्न लागेल तेव्हा ती जेमतेम दुडकीवर असेल. वरातीत तिला तासन्‌तास कडक रस्त्यावर उभं राहायचं असतं, नवरदेवाचं ओझं घेऊन ढोलावर पाय उचलायचे असतात, गर्दीत मागे-पुढे सरकायचं असतं. पुढच्या एप्रिल-मेच्या लग्नांना, तिसरा स्कॅन स्वच्छ आला तर, थोड्या अंतराच्या वराती घेता येतील. नाचवणं मात्र कायमचं बंद करा.

आणि तारखा आत्ताच लिहून ठेवा: दहीहंडी, गणपतीची आगमनं आणि विसर्जनं, दिवाळीचे चार दिवस. ठाण्यात हंडीच्या दिवशी सकाळपासून डीजे सुरू होतात. त्या दिवशी फेरी पहाटे उरकून घ्या, जाळीत नेहमीपेक्षा जास्त गवत भरा, कानात कापसाचे बोळे घाला, रस्त्याकडची खिडकी बंद करून पंखा लावा. मोतद्दारांना त्या दिवशी हंडी बघायला सोडू नका, त्यांना तिच्याजवळ बसायला सांगा. ती त्यांना चावायला धावत असली तरी त्यांचाच आवाज ओळखते.